नवारावरचा पहारा

ऊस तोडणीला आला की आमच्या नजा अल-तवील गावात पोरांची तोंडं दिवसभर बंद म्हणून व्हायची नाहीत. वर्ग चालू असला तरी कुणाच्या ना कुणाच्या गालात कांडं असायचंच. शाळेच्या भिंतीला लागून कारखान्याचे रूळ होते. उसाचे डबे ओढत ते छोटं इंजिन इतकं हळू जायचं, की आमच्या वर्गातला दियाब चालता चालता दोन ऊस उपसून घ्यायचा आणि वर इंजिनवाल्याला सलाम ठोकायचा. आता माझ्या दाढा उसाला घाबरतात. पण हिवाळ्यात पाचट जाळल्याचा वास आला की माझे पाय अजून त्या रुळाकडे वळतात, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी मी अकराची होते, पाचवीत. माझी बहीण नवारा आठची, तिसरीत. शाळेला खोल्या तीनच, त्यामुळे तिसरी आणि पाचवी एका खोलीत बसायची, तिसरीची तोंडं खिडकीकडे आणि आमची फळ्याकडे. नवारा माझ्यापेक्षा हुशार होती. सुएझला कामाला गेलेल्या मामाचं पत्र आलं की अब्बा ते तिच्या हातात द्यायचा, माझ्या नाही. मला राग यायचा, पण अडखळत वाचणारीनं बोलायचं तरी काय!

तोडणी सुरू व्हायच्या महिनाभर आधी नवारा रांजणापाशीच बसायला लागली. पाणी प्यायची, बाहेर जायची, परत येऊन प्यायची. अंथरूण ओलं करायला लागली. मनगटं माझ्या दोन बोटांत मावायला लागली तेव्हा अब्बानं तिला खांद्यावर टाकलं आणि अम्माला बरोबर घेऊन शहरातल्या इस्पितळात नेलं. तेरा दिवसांनी तिघं परत आली, एक काचेची सुई आणि औषधाची एक इवलीशी बाटली घेऊन.

"साखरेचा आजार हाय," अब्बा अंगणात जमलेल्यांना म्हणाला.

"लेकरू घाबरलं असंल कशाला तरी," शेजारची म्हातारी म्हणाली. आमच्याकडे तेव्हा साखर भीतीनंच होते असं पक्कं ठाऊक होतं. "बखीत, तुझा तो कुत्रा बांधून ठेव आधी."

डॉक्टरांनी अब्बाला दहा गोष्टी सांगितल्या असतील. सुई कशी टोचायची, ते अम्मा शिकून आली होती. बाटली रांजणाच्या पाझराखाली ओल्या मडक्यात ठेवायची, तेही. बाकी सगळं अब्बा भीतीपोटी वाटेत कुठेतरी सांडून आला, आणि एकच वाक्य मुठीत घट्ट धरून घरी पोचला. गोड तिला विष आहे. ते वाक्य त्यानं दारोदार जाऊन सांगितलं. मशिदीबाहेर सांगितलं, कालव्यावर धुणं धुणाऱ्या बायांना सांगितलं. गावात ज्याच्या त्याच्या हातात ऊस, आणि माझा बाप प्रत्येकापुढे हात जोडतोय, माझ्या पोरीला देऊ नका म्हणून.

मग तो शाळेत आला. खांद्यावर कुदळ, आमच्याकडे ऊस तिनंच तोडतात. भुवयांवर पाचटाची धूळ. मुख्याध्यापक उस्ताद फहीम यांच्या दाराबाहेर चपला काढून उभा राहिला.

"उस्ताद, पोरीला गोड खाऊ देऊ नका. आन् मारू नका. घाबरली तर साखर वाढंल."

"ही शाळा आहे बखीत, दवाखाना नाही," उस्ताद म्हणाले. पण ते वाईट नव्हते. नाकावर राग असायचा, हातात खजुरीची छडी असायची आणि अंगावर बारा महिने तोच तपकिरी कोट. दुसऱ्या दिवशी रांगेपुढे उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "नवारा बखीतला जो कुणी ऊस देईल, त्याला दहा छड्या." मग माझ्याकडे छडी रोखली. "वजीदा, तू मोठी बहीण. लक्ष ठेवायचं. जबाबदारी तुझी."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी जबाबदारी दिली होती. मी फुगले. रोज तिचे खिसे तपासायची. तोंड उघडायला लावून वास घ्यायची. दियाब तर मला पोलीसच म्हणायला लागला. "हवालदारीणबाई, माझंपण तोंड हुंगा की!" नवारा जबडा पुढे करून उभी राहायची, म्हैस दात दाखवते तशी. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात थोडं जळतही होतं. तिला रोज अंडं मिळायचं. मला अंडं बघायला मिळायचं.

आमच्याकडे तोडणीची एक रीत आहे. ज्याचा ऊस, तो तोडतो. शेजारीपाजारी येऊन त्याचं पाचट काढतात, कांडी साफ करतात, आणि मजुरी म्हणून उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं आपल्या जनावराला घेऊन जातात. आमची म्हैस चार महिने त्या वाढ्यावरच जगायची. पण कारखाना डबे कधी पाठवील याचा नेम नसायचा. डबे आले की ते त्याच दिवशी भरायचे, नाहीतर रिकामे परत जायचे. डबे आले अशी हाक उठली की गाव हातातलं टाकून पळायचं.

त्या दिवशी हाक भल्या सकाळी उठली. अम्मानं नुकतीच नवाराला सुई टोचली होती. आदल्या दिवशी उन्हात पीठ फुगवून भाजलेली भाकरी भट्टीच्या तोंडाशी ठेवली होती, अंडं उकळत होतं.

"जा गं पोरींनो, पुढं व्हा, जागा धरा!" अम्मा म्हणाली. "म्या भाकर घिऊन येते मागनं."

आम्ही पळालो. थंडी इतकी होती की पाचट हाताला सुरीसारखं लागत होतं. मी आणि नवारा एका ढिगावर बसलो. मी वरून ओढायची, ती खालून. दोघींचे हात भराभर चालत होते. उंट आले, लादले, गेले. अम्मा आली ती थेट दुसऱ्या टोकाला कामाला लागली, कारण तिथे वाढं जास्त होतं. भाकर भट्टीवरच राहिली. मला वाटलं, मधे पाणी प्यायला उठली तेव्हा नवारानं अम्माकडून घेऊन खाल्ली. अम्माला वाटलं, मी दिली. नवारा मागायची नाही, तो तिचा स्वभावच नव्हता. शाळेची घंटा झाली तेव्हा आम्ही शेतातून तशाच धावत गेलो.

पहिल्या तासाला ती विनाकारण एका पोरीशी भांडली. उस्तादांनी विचारलेल्या बेरजेला "मला काय विचारता" असं म्हणाली. उस्तादांनी छडी उचलली, मग आठवण होऊन खाली ठेवली. सगळा वर्ग तिच्याकडे जळून बघत होता. मलाही वाटलं, आता ही डोक्यावर बसणार.

मधल्या सुट्टीत ती दिसेना. मी शोधत भिंतीमागे गेले. तिथे, रुळाच्या बाजूला, पोरं चघळून चिपाडं थुंकायची. नवारा त्या ढिगात गुडघ्यांवर बसली होती आणि मातीतली चिपाडं उचलून चोखत होती. दुसऱ्यांनी चघळलेली, मुंग्या लागलेली. कपाळ घामानं थबथबलेलं आणि हात लटलट कापत होते. चोर पकडला की तो कापतोच, असं मला वाटलं.

"सापडलीस!" मी ओरडले. चिपाड हातातून हिसकलं. तिनं दुसरं तोंडात कोंबलं. मी तिचा जबडा धरला आणि बोट घालून तेही बाहेर ओढलं. ती कचकन चावली. माझ्या उजव्या अंगठ्यातून रक्त आलं, तरी मी सोडलं नाही. पोरं गोळा झाली. दियाब टाळ्या पिटत होता. आरडाओरडा ऐकून उस्ताद आले, माझ्या हातातलं चिपाड पाहिलं, आणि म्हणाले, "शाब्बास, वजीदा."

त्यांचं शाब्बास संपतंय तोवर नवारा आडवी झाली.

डोळे अर्धे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. उस्तादांची पाचावर धारण बसली. "पाणी! पाणी आणा!" म्हणत ते जागच्या जागी फिरायला लागले. दियाबला कुणी सांगितलं नाही. तो कालव्याच्या पुलावरून दवाखान्याकडे सुटला आणि तिथल्या नर्सबाईला घेऊनच आला. तफीदा तिचं नाव, आम्ही तिला हकीमा म्हणायचो. घेरदार झगा कमरेला खोचून ती धावत आली.

"सुई कधी दिली?"

"सकाळी," मी म्हणाले.

"खाल्लं काय?"

मी अम्माचा विचार केला, भट्टीचा विचार केला, आणि तेव्हा मला कळलं. "काही नाही."

"आन् आता काय खात होती?"

मी मूठ उघडली. रक्तानं माखलेलं चिपाड तळहातावर होतं.  मग फाटकाशी भाकर विकणाऱ्या बाईला हकीमानं हाक मारली, "काकवी आण!" नवाराला कुशीवर वळवलं, बोट काळ्या काकवीत बुडवलं आणि गालाच्या आत, हिरड्यांवर चोळायला लागली. थोडी थोडी, पुन्हा पुन्हा.  रुळावरून इंजिन गेलं, पण कुणी ऊस ओढायला हललं नाही.

बऱ्याच वेळानं नवाराचे ओठ हलले. "वजीदा, भूक लागली."

मी तिथेच खाली बसून हंबरडा फोडला. हकीमा मला म्हणाली, "रडू नगंस. पण ध्यानात ठेव. ती चोरी करत नव्हती गं, ती औषध शोधत होती."

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी अब्बाला बोलावलं. नवाराचं नाव पटावरून काढतो म्हणाले. "माझ्या अंगणात पोर मेलं असतं, बखीत. मी कुणाला तोंड दाखवलं असतं? घरी ठेव तिला." अब्बा कुदळीच्या दांड्यावरची माती नखानं खरवडत उभा होता. पोरंटोरं खिडकीतून बघत होती. "बरं," तो म्हणाला. "बकऱ्या राखील." एवढंच. माझा बाप अख्ख्या शिवारात कुणाला हार जात नसे, आणि शाळेच्या दारात तो नुसता बरं म्हणाला. ते बरं मला अंगठ्यापेक्षा जास्त दुखलं.

नवारा माझ्या मागे उभी होती. दप्तर तिनं पोटाशी धरलं होतं. ती रडली नाही, पण घरी आल्यावर दप्तर खुंटीला न लावता उशाशी घेऊन बसली. अम्मानं ओढायला बघितलं तर सोडेना.

हकीमा तफीदाला हे कळलं तशी ती शाळेत येऊन थडकली. उस्तादांशी तिची अर्धा तास वादावादी झाली, आम्ही भिंतीला कान लावून ऐकली.

"आजार तिला झालाय, अडाणीपण आपल्या सगळ्यांना," ती म्हणत होती. "मला एक तास द्या. पोरांना शिकवते. तपासणीला साहेब येतायत ना महिन्याभरानं? तोवर पोर काही न होता बसली तर नाव राहू द्या. न्हाई तर काढा."

उस्तादांनी हात झटकले. "तपासणीपर्यंत. एक दिवस जास्त नाही."

हकीमानं तो तास अंगणात घेतला. दियाबला तिनं शाळेभोवती दहा चकरा मारायला लावल्या. तो धापा टाकत आला. "काय हवंय तुला?" "ऊस!" तो म्हणाला. "बघा. ह्यानं कष्ट केले, अंगातली साखर जळाली. ह्याचं अंग ती सांभाळून घेतं. नवाराचं अंग घेत न्हाई, म्हणून तिला सुई. पण सुई टोचली आन् पोट रिकामं, वर राबली, तर साखर पार तळाला जाते. कोळसा संपला की तुमचं इंजिन काय करतं?"

"थांबतं."

"ती पण थांबते. पण आधी शिट्टी देते. घाम, थरथर आन् उगाच भांडण. ह्यातलं काही दिसलं की विचारत बसायचं न्हाई, आधी गोड द्यायचं."

"घाम आन् उगाच भांडण?" दियाब म्हणाला. "मग आमची अम्मा रोजच आजारी म्हणायची."

सगळे हसले. नवारासुद्धा.

"एरवी गोड बेतानं, जेवण वेळेवर. हा आजार चिकटत न्हाई. नजर लागून होत न्हाई, घाबरून होत न्हाई."

"मग आता तिला मारायचं?" दियाबनं विचारलं.

"मारायचं कुणालाच न्हाई," हकीमा म्हणाली, आणि उस्तादांच्या छडीकडे बघितलं. उस्ताद दुसरीकडे बघायला लागले.

त्या दिवशी वर्गाच्या कोनाड्यात काकवीचा एक डबा आला. झाकणाला दोरी, दोरीला लाकडी चमचा. संध्याकाळी हकीमानं आमच्या अंगणात बसून अम्मा-अब्बाला तेच सगळं परत सांगितलं, आणि अब्बाकडून तीनदा वदवून घेतलं. त्यानंतर रुळावर डबे येवोत नाहीतर आभाळ कोसळो, नवाराचं खाणं झाल्याशिवाय अम्मा उंबरा ओलांडू द्यायची नाही. आणि मी? मी पहारा सोडला नाही. फक्त आता खिसे नि दप्तर तपासायची ती त्यांत भाकर आहे ना, हे बघायला.

तपासणीच्या आदल्या दिवशी शाळेला चुना दिला. अंगण झाडलं, पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी साहेब आले, जाडजूड, चष्म्यातून खाली बघणारे. उस्तादांनी आम्हाला दम दिला होता, श्वाससुद्धा हळू घ्यायचा. साहेबांना यायला उशीर झाला होता आणि आम्हाला मधली सुट्टी मिळालीच नव्हती. त्या वेळेला नवारा दोन घास खायची. भाकर दप्तरात होती, पण कुणाची हिंमत ती काढायची?

साहेबांनी नेमकं तिलाच उठवलं. "वाच."

ती वाचायला लागली, स्वच्छ, खणखणीत. उस्तादांचे खांदे जरा खाली आले. मग ती एकच ओळ दुसऱ्यांदा वाचायला लागली. तिसऱ्यांदा. मी फळ्याकडे तोंड करून बसले होते, मला ती दिसत नव्हती, पण आवाज कळत होता. अंगठा ठसठसायला लागला. उठले आणि काही नसलं तर तपासणी बिघडणार, नाव जाणार. नाही उठले तर... माझे पाय बाकाला चिकटले.

"घाम!" दियाब बाकावर उभा राहून ओरडला. "उस्ताद, घाम!"

"घाम! घाम!" सगळा वर्ग उठला. मी कोनाड्याकडे झेपावले. कोनाडा पांढराशुभ्र होता आणि त्यात कागदी फुलांची कुंडी होती. चुना देताना डबा कुणीतरी हलवला होता. मी कुंडी खाली फेकली, मागे हात घातला. काही नव्हतं.

"हा काय गोंधळ आहे?" साहेब गरजले.

उस्ताद फहीम पुढे आले. कोटाच्या आतल्या खिशात त्यांनी हात घातला आणि कागदाची एक पुडी काढली. पुडी मळली होती, कडांना झिजली होती. आत साखरेचे चौकोनी खडे होते, तंबाखूच्या भुकटीनं कळकट झालेले. कालपरवाची पुडी नव्हती ती. नवारा पडली त्या दिवसापासून ते ती बाळगत असले पाहिजेत.

"उघड तोंड, बेटा," ते म्हणाले. मारायच्या छडीला कुठे ठेवावं हे न कळून त्यांनी ती साहेबांच्या हातात दिली. नवारानं खडा चावला, दुसरा घेतला. मग त्यांनी स्वतः तिच्या दप्तरातली भाकर काढून तिच्या हातात ठेवली.

"वर्गात खायचं?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या शाळेची पद्धत आहे, साहेब," उस्ताद म्हणाले.  "पाच मिनिटं बसू. मग ती वाचेल."

आणि साहेब बसले. हातात छडी घेऊन, नवाराचं खाणं होईपर्यंत. मग ती उठली आणि धडा शेवटपर्यंत वाचला. नाव काढायची गोष्ट परत कुणी काढली नाही.

या गोष्टीला चाळीस वर्षं होत आली. रूळ गंजले, ऊस आता ट्रॅक्टरनं जातो. हकीमा तफीदा गेली, अम्मा-अब्बाही गेले. नवारा शिकली, शहरात औषधांच्या दुकानात कामाला लागली, दोन मुलांची आई झाली. उस्ताद फहीम गेल्या हिवाळ्यात वारले. मी त्यांच्या बायकोला भेटायला गेले, तेव्हा त्या कपडे गरिबांना द्यायला वेगळे काढत होत्या. इतक्या वर्षांचे पाच कोट होते. मला जवळ बोलावून त्यांनी प्रत्येकाचा आतला खिसा उलटा केला. प्रत्येकात साखरेची पुडी.

"माणूस चहासुद्धा बिनसाखरेचा पीत होता गं," त्या म्हणाल्या. "निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी कोट घातला की पुडी. विचारलं तर नुसते हसायचे. वेड लागलं होतं का यांना?"

मी सांगितलं. सांगता सांगता आम्ही दोघी रडलो. एक पुडी मी मागून आणली.

ईदला नवारा आली. बस वाटेत बंद पडली होती, दुपारचं जेवण राहिलं होतं. दारातून आत येतानाच तिनं विनाकारण माझ्याशी भांडण काढलं, अंगण झाडलं का नाही म्हणून. मी तिच्या कपाळाकडे बघितलं. फडताळातून पुडी काढली आणि तिच्यापुढे धरली.

तिनं कागद ओळखला नाही, वास ओळखला. तंबाखूचा. थरथरत्या बोटांनी खडा तोंडात टाकला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

"दुसरा दे, हवालदारीणबाई," ती म्हणाली.

मी दिला.